तोमा झ्द्राव्कोविच (१९३८–१९९१) : विषादाचा गायक आणि युगोस्लाव्हियातील काफाना-संस्कृती

प्रस्तावना

गायकाचे चरित्र हा इतिहासलेखनाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न आपल्या अभ्यासक्रमविषयक चर्चांतून अजूनही अधूनमधून विचारला जातो. राज्यकर्ते, मुत्सद्दी, समाजसुधारक आणि फार तर साहित्यिक येथपर्यंत आपली चरित्रदृष्टी पोहोचते. मद्यालयात रात्र-रात्र गाणाऱ्या मनुष्याकडे ती सहसा वळत नाही. पूर्व युरोपच्या बाबतीत तर ही मर्यादा अधिकच जाणवते. आपल्या पदवी वर्गांतून शिकविला जाणारा युगोस्लाव्हिया म्हणजे मार्शल तितो, स्टालिनशी १९४८ मध्ये झालेला त्यांचा बेबनाव, १९६१ च्या सप्टेंबरमधील बेलग्रेडची अलिप्त राष्ट्रांची परिषद आणि नंतर एकदम १९९१ मधील विघटन. परिषद आणि विघटन यांच्या दरम्यानच्या तीस वर्षांत त्या देशातील सामान्य माणूस काय ऐकत होता, कशावर रडत होता आणि त्याच्या रडण्याविषयी शासनाला काय वाटत होते, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही.

प्रस्तुत लेखात तोमा झ्द्राव्कोविच या सर्बियन लोकगायकाच्या जीवनाचा व कारकिर्दीचा या दृष्टीने परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे. विषण्ण, व्यसनी, प्रेमात हरलेला आणि मित्रांवर पैसा उधळणारा कलंदर अशी तोमाची प्रतिमा सर्बियातच नव्हे तर पूर्वीच्या युगोस्लाव्हियातील बहुतेक प्रजासत्ताकांत रूढ आहे. ही प्रतिमा खोटी आहे असे येथे म्हणावयाचे नाही. मात्र केवळ एका व्यक्तीच्या स्वभावातून ती निर्माण झालेली नाही. खेड्यांतून शहरांत आलेला समाज, काफाना नावाची संस्था, ध्वनिमुद्रणाचा धंदा आणि त्या धंद्याकडे नाक मुरडून पाहणारे सांस्कृतिक धोरण या सर्वांनी मिळून ती घडविली, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. तोमाचा विषाद त्याचा स्वतःचा होता. परंतु त्याला गिऱ्हाईक होते, आणि ते का होते हा इतिहासाचा प्रश्न आहे.

लेस्कोवाचचा परिसर

तोमा झ्द्राव्कोविच याचा जन्म २० नोव्हेंबर १९३८ रोजी दक्षिण सर्बियातील अलेक्सिनाच येथे झाला. त्याचे बालपण मात्र लेस्कोवाच शहराजवळील पेचेन्येव्त्से या खेड्यात गेले. लेस्कोवाच हे कापडगिरण्यांचे शहर. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात 'सर्बियाचे मँचेस्टर' म्हणून त्याचा उल्लेख होत असे. (इचलकरंजीलाही असेच बिरुद लाभलेले असल्याने आपल्या वाचकाला ही उपमा नवी वाटू नये.) १९४१ मध्ये जर्मनीने युगोस्लाव्हिया पादाक्रांत केला तेव्हा तोमा दोन-अडीच वर्षांचा होता. ६ सप्टेंबर १९४४ रोजी मित्रराष्ट्रांच्या विमानांनी लेस्कोवाचवर बॉम्बवर्षाव केला आणि शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. तोमाची पिढी म्हणजे युद्धाच्या ढिगाऱ्यात अक्षरओळख करून घेणारी आणि त्यानंतर समाजवादी पुनर्रचनेच्या घोषणा ऐकत वाढलेली पिढी होय.

या परिसराला विषादाची एक जुनी वाङ्मयीन परंपरा आहे. लेस्कोवाचच्या दक्षिणेस असलेले व्रान्ये हे गाव १८७८ पर्यंत ऑटोमन अमलाखाली होते. त्या गावातील जुन्या व्यापारी घराण्यांची पडझड, दडपलेल्या इच्छा आणि गाण्यातून उसळणारी हळहळ बोरा स्तांकोविच (१८७६–१९२७) या लेखकाने आपल्या साहित्यातून चित्रित केली. १९०० मध्ये रंगभूमीवर आलेले त्याचे 'कोश्ताना' हे नाटक आणि १९१० मधील 'नेचिस्ता क्र्व' म्हणजे 'अशुद्ध रक्त' ही कादंबरी सर्बियन साहित्यात मानदंड ठरल्या. 'कोश्ताना'ची नायिका रोमा जमातीतील गायिका आहे. तिचे गाणे ऐकून गावातील प्रतिष्ठित पुरुषांचा संयम सुटतो आणि वाया गेलेल्या तारुण्याचे दुःख उफाळून येते. 'तारुण्याबद्दलची हळहळ' हा शब्दप्रयोग पुढे सर्बियन बोलण्यात वाक्प्रचारासारखा रुळला. तोमाने स्तांकोविच वाचला होता की नाही हा प्रश्न गौण आहे. गाणे ऐकताना पुरुषाने रडणे हे त्या मुलखात लाजिरवाणे मानले जात नव्हते, एवढे लक्षात घेणे पुरेसे आहे.

याच संदर्भात काही शब्दांचा प्रवास पाहण्यासारखा आहे. बोस्नियातील पारंपरिक नागर प्रेमगीतांना 'सेव्दालिंका' म्हणतात आणि त्यातील भावावस्थेला 'सेव्दाह'. हा शब्द तुर्की 'सेव्दा' वरून आला व त्याचे मूळ अरबी 'सौदा' म्हणजे काळे पित्त यात आहे. युनानी वैद्यकातील चार दोषांपैकी हा एक. तो वाढला म्हणजे मनुष्य उदास होतो अशी धारणा होती. १८ व्या शतकातील प्रसिद्ध उर्दू कवी मिर्झा रफी यांचे टोपणनावही 'सौदा' हेच होते. सर्बियन भाषेत मनातील सलणाऱ्या दुःखाला 'देर्त' म्हणतात, तो फारसीतील 'दर्द'. गायकाला दिल्या जाणाऱ्या खुशालीला 'बाक्शिश' म्हणतात, ते आपले बक्षीस. आणि 'काफाना' म्हणजे 'कहवेखाना', त्यातील 'खाना' दवाखाना-कारखान्यातलाच. ऑटोमन आणि मोगल जगांमध्ये फिरलेला फारसी-अरबी शब्दसंग्रह येथे आपली ओळख देतो. दुःख, पैसा आणि बैठक या तिन्हींचे शब्द एकाच वाटेने आले, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने सूचक आहे.

काफाना : एक संस्था

काफानाला मद्यालय म्हटले तर अर्थ अपुरा राहतो आणि उपाहारगृह म्हटले तर चुकतो. तेथे कॉफी मिळते, जेवण मिळते, 'राकिया' ही फळांची दारू मिळते आणि रात्री गाणे असते. बेलग्रेडमधील 'झ्नाक पितान्या' म्हणजे 'प्रश्नचिन्ह' या नावाने ओळखला जाणारा काफाना ज्या वास्तूत आहे ती १८२३ च्या सुमारास बांधली गेली. मालकाने १८९२ मध्ये समोरच्या प्रधान चर्चच्या नावावरून काफानाचे नाव ठेवले, चर्चने त्यास हरकत घेतली, तेव्हा त्याने पाटीवर तात्पुरते केवळ प्रश्नचिन्ह रंगविले आणि तेच कायम झाले. १९ व्या शतकात राजकीय पक्षांच्या बैठका, वर्तमानपत्रांचे वाचन, व्यापारी करार या सर्वांचे स्थान काफाना हेच होते. समाजवादी राजवटीत खाजगी मालकी आक्रसली तरी काफाना बंद पडले नाहीत. कारखान्याच्या पाळीवरून सुटलेला कामगार, खेड्यातून कचेरीच्या कामासाठी आलेला शेतकरी, मालमोटारीचा चालक आणि दुय्यम अधिकारी हे सर्व एकाच छताखाली बसत.

येथील गायनाची अर्थव्यवस्था समजून घेतल्याखेरीज तोमा समजणार नाही. गायकाला ठरलेले वेतन असे. परंतु खरी कमाई बाक्शिशवर असे. गिऱ्हाईक गाणे फर्मावी, वादकवृंद टेबलापाशी येई, गायक वाकून अगदी कानाशी गाई. नोटा ॲकॉर्डियनच्या भात्यात खोचल्या जात किंवा वादकाच्या कपाळावर चिकटविल्या जात. भावना अनावर झाली की पेले फोडले जात, आणि त्यांची किंमत बिलात चढे. अशा ठिकाणी गायक कलावंत असतोच, पण गिऱ्हाइकाच्या दुःखाचा तो वाटेकरीही असतो. आपण या दुःखातून गेलो आहोत असे त्याने पटवून दिले पाहिजे. किंबहुना आपण अजूनही त्यातच आहोत असे. दुःखाचा असा रोजचा व्यवहार ज्याला करावा लागतो त्याच्या बाबतीत अभिनय कोठे संपतो आणि आयुष्य कोठे सुरू होते हे सांगणे कठीण होऊन बसते. तोमाच्या चरित्रातील बहुतेक आख्यायिका, म्हणजे जुगारात घालविलेली मिळकत, मित्रांवर व वादकांवर उधळलेले पैसे, पहाटेपर्यंत चाललेल्या बैठका, या नेमक्या त्या सीमारेषेवर उभ्या आहेत.

स्त्रियांच्या वाट्याला हा व्यवसाय अधिक कठोर रूपात येई. काफानात गाणाऱ्या स्त्रीला 'पेवाल्यका' म्हणत. 'गायिका' या अर्थाच्या प्रतिष्ठित शब्दाहून तो वेगळा होता आणि त्यात तिच्या चारित्र्याविषयीचा संशय अंतर्भूत होता. पुरुषाचे व्यसन 'बोएम' या शब्दाने, म्हणजे कलंदरपणाच्या नावाखाली, गौरविले जाई. स्त्रीला ती सवलत नव्हती.

ध्वनिमुद्रिका आणि 'नवरचित' लोकगीत

युद्धोत्तर युगोस्लाव्हियात औद्योगिकीकरणाचा वेग प्रचंड होता. १९४८ च्या जनगणनेत बेलग्रेड शहराची लोकसंख्या सुमारे ४ लक्ष होती. १९७१ मध्ये ती सुमारे ९ लक्ष झाली. ही वाढ प्रामुख्याने खेड्यांतून आलेल्या लोकांची होती. शहरात त्यांना नोकरी मिळाली, सदनिका मिळाली, पण त्यांच्या कानांची सोय झाली नव्हती. बेलग्रेड नभोवाणीवर लोकसंगीत होते. व्हायोलिनवादक व्लास्तिमिर पाव्लोविच त्सारेवाच (१८९५–१९६५) यांच्या वाद्यवृंदाने त्याचा दर्जा कसोशीने राखला होता. परंतु ते लोकसंगीत म्हणजे जतन केलेला वारसा होता. कालच शहरात आलेल्या माणसाच्या आजच्या अडचणींना त्यात जागा नव्हती.

ही पोकळी 'नवरचित लोकसंगीत' या प्रकाराने भरून काढली. लोकगीताच्या चालीचा बाज, आधुनिक वाद्यमेळ आणि ज्ञात कवी-संगीतकार हे त्याचे स्वरूप. लेपा लुकिच या गायिकेचे १९६४ मधील 'ओद इझ्वोरा द्वा पुतिचा' हे गीत या युगाचा आरंभबिंदू मानले जाते. १९६५ च्या आर्थिक सुधारणांनंतर उद्योगांना स्वतःचा नफा स्वतः मिळविणे भाग पडले. झाग्रेबची 'युगोतोन', बेलग्रेड नभोवाणीशी संलग्न 'पी.जी.पी.–आर.टी.बी.' यांसारख्या समाजवादी मालकीच्या ध्वनिमुद्रण संस्थांनाही विक्रीचा हिशोब पाहावा लागला, आणि विकले जात होते ते हेच संगीत. १९६८ मध्ये पश्चिम जर्मनीशी कामगारभरतीचा करार झाल्यावर परदेशी गेलेल्या लक्षावधी युगोस्लाव कामगारांची नवी बाजारपेठही त्याला मिळाली. घरापासून तुटलेल्या माणसाला काफानातील विरहगीत नव्याने लागू पडले.

तोमाची पहिली लोकप्रियता याच साठच्या दशकातली. 'त्सिगांका' (रोमा स्त्री) हे त्याचे आरंभीचे गाजलेले गीत. तो गायक होता तसाच गीतकारही होता. स्वतःची अनेक गीते त्याने स्वतः रचली, इतरांसाठीही लिहिली. त्याच्या आवाजाचा पल्ला मोठा नव्हता. सेव्दालिंकेतील लांबलचक हरकती त्याच्या गाण्यात क्वचित आढळतात. तो शब्द जवळजवळ बोलल्यासारखा उच्चारतो, ओळीच्या शेवटी स्वर किंचित सोडून देतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की हा मनुष्य गाण्यापूर्वी थकलेला आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हीच त्याच्या परिणामाची गुरुकिल्ली आहे. समकालीन गायकांपैकी अनेकांचा आवाज त्याच्याहून सरस होता.

आशयाच्या दृष्टीने पाहता त्याचे वेगळेपण अधिक ठळक होते. नवरचित लोकगीतांतील मोठा भाग खेड्याच्या स्मृतीवर पोसलेला आहे: झरे, पायवाटा, आईचे अंगण, शिवारातील प्रेम. तोमाच्या प्रसिद्ध गीतांत हे जवळजवळ नाही. त्यांत रात्र असते, काफाना असतो, वादक असतात आणि नाव घेऊन संबोधिलेली एखादी स्त्री असते. 'दान्का', 'ब्रान्का', 'झा ल्यिल्यानू' अशा शीर्षकांतून ती नावे टिकून आहेत. ही गीते शहरातील एकट्या पुरुषाची आहेत. खेडे मागे सुटले आहे आणि परतायचे म्हटले तरी कोठे हे ठाऊक नाही, अशा माणसाची ती भाषा आहे. म्हणूनच तोमाला 'लोकगायक' म्हणताना त्यातील 'लोक' म्हणजे कृषक समाज नव्हे, तर पहिल्या पिढीचे नगरवासी, हे ध्यानात घ्यावे लागते.

येथे आणखी एक निरीक्षण नोंदविणे आवश्यक आहे. या स्त्रियांना नावे आहेत, पण त्या बोलत नाहीत. त्या जातात, नकार देतात, आठवतात. गाणे मात्र सर्वस्वी पुरुषाचे राहते. तोमाचे अनेकवारचे विवाह आणि त्यांची अखेर यांकडेही लोकप्रिय चरित्रे त्याच्या दुःखाचा कच्चा माल म्हणूनच पाहतात. त्या विवाहांतील दुसऱ्या बाजूला काय भोगावे लागले असेल, हा प्रश्न ती चरित्रे विचारीत नाहीत.

सिल्वाना आर्मेनुलिच

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे, आणि तो तोमाच्या सर्वाधिक गाजलेल्या रचनेत आहे. 'श्ता चे मी झिवोत' हे गीत त्याने आपली मैत्रीण सिल्वाना आर्मेनुलिच हिच्यासाठी लिहिले आणि १९६९ मध्ये तिने ते ध्वनिमुद्रित केले. येथे प्रथमपुरुषी बोलणारी व्यक्ती स्त्री आहे. प्रियकराविना जगण्याचे प्रयोजन काय, हा शीर्षकातील भाव आहे. युगोस्लाव्हियातील अत्यंत खपाच्या ध्वनिमुद्रिकांत तिची गणना झाली.

सिल्वानाचे मूळ नाव झिल्हा बायराक्तारेविच. बोस्नियातील दोबोय येथे एका मुस्लिम कुटुंबात १८ मे १९३९ रोजी तिचा जन्म झाला. इटालियन अभिनेत्री सिल्वाना मांगानो हिच्यावरून तिने रंगमंचीय नाव घेतले आणि टेनिसपटू रादमिलो आर्मेनुलिच यांच्याशी विवाह झाल्यावर ते आडनाव तिला लाभले. तोमा आणि ती उमेदवारीच्या काळापासूनचे स्नेही. दोघांनी काफानातील रात्रपाळीच केली होती. पुढे १९७० च्या 'ल्युबाव ना सेओस्की नाचिन' या दूरदर्शन मालिकेतून सिल्वाना घराघरांत पोहोचली. काफानातील 'पेवाल्यका' ते देशव्यापी तारका हा तिचा प्रवास तोमाच्या प्रवासापेक्षा अधिक खडतर आणि, कलावंत म्हणून, कदाचित अधिक मोठा होता.

१० ऑक्टोबर १९७६ रोजी आलेक्सान्द्रोवाच येथील कार्यक्रमाहून बेलग्रेडला परतताना स्मेदेरेवोनजीकच्या कोलारी गावापाशी मोटार अपघातात सिल्वाना, तिची बहीण मिर्याना आणि वादक मिओद्राग याशारेविच असे तिघे मृत्युमुखी पडले. सिल्वाना ३७ वर्षांची होती. अपघातापूर्वी काही काळ ती बल्गेरियातील वांगा या भविष्यवादिनीकडे गेली होती आणि वांगाने तिचे भविष्य सांगण्यास नकार दिला, अशी आख्यायिका तेव्हापासून प्रसृत आहे. आख्यायिकेची शहानिशा करण्यापेक्षा तिची गरज का भासली याचा विचार करणे उपयुक्त ठरेल. ज्या गायिकेने जगण्याच्या निरर्थकतेचे गीत घराघरांत पोहोचविले तिचा अकाली मृत्यू श्रोत्यांना योगायोग वाटू शकत नव्हता. गाण्याने आयुष्याची आगाऊ सूचना दिली होती अशीच त्यांची समजूत झाली. तोमाच्या बाबतीतही पुढे हेच घडले. 'मी आयुष्याच्या तळाला टेकलो' अशा अर्थाच्या शीर्षकाचे गाणे जो गातो, त्याचे आयुष्य तळाला टेकलेलेच असले पाहिजे, अशी श्रोत्यांची अपेक्षा तयार होते. कर्करोगाशी झुंजणाऱ्या अखेरच्या वर्षांतील तोमाला ही अपेक्षा पुरी करावी लागली नाही. ती आपोआपच पुरी झाली.

इतिहासकाराने या ठिकाणी सावध असावे. गीते आत्मचरित्र म्हणून वाचणे आणि आत्मचरित्राच्या जागी आख्यायिका ठेवणे हा मोह तोमाच्या बाबतीत फारच प्रबळ आहे, कारण काफाना, ध्वनिमुद्रण संस्था आणि स्वतः गायक या तिघांच्याही हिताची ती गोष्ट होती.

'शुंद' : शासन आणि अभिरुची

तोमा आणि सिल्वाना यांच्या लोकप्रियतेचा हा काळ शासनाच्या दृष्टीने चिंतेचा होता. ऑक्टोबर १९७१ मध्ये क्रागुयेवाच येथे 'सांस्कृतिक कृतीची काँग्रेस' भरली. तीत सवंग वाङ्मय, सवंग चित्रपट आणि नवरचित लोकगीते यांवर कडाडून टीका झाली. अशा निर्मितीसाठी 'शुंद' हा जर्मन भाषेतून आलेला शब्द वापरला जाई. त्याचा अर्थ गाळ, कचरा. याच सुमारास शुंद ठरलेल्या प्रकाशनांवर व ध्वनिमुद्रिकांवर अधिक कर आकारण्याची तरतूद झाली. मूल्यमापन समित्या नेमल्या गेल्या. कोणते गाणे कला आणि कोणते कचरा हे या समित्या ठरवीत.

या व्यवस्थेचा परिणाम विपरीत झाला असे म्हणण्यास आधार आहे. शुंद ठरलेली ध्वनिमुद्रिका महाग होई, तरीही ती खपत असे. संस्था कर भरीत आणि पुढची ध्वनिमुद्रिका काढीत. समाजवादी शासनाने कामगारवर्गाच्या नावाने राज्य करावे आणि त्याच वर्गाच्या आवडीवर दंड आकारावा, यातील विसंगती कोणी फारशी उघडपणे मांडली नाही. मानवशास्त्रज्ञ इव्हान चोलोविच यांनी ऐंशीच्या दशकात 'दिव्ल्या क्न्यिझेव्नोस्त' म्हणजे 'रानटी साहित्य' या ग्रंथात नवरचित गीतांचा विचार थडग्यांवरील लेख, वृत्तपत्रांतील मृत्युनोंदी आणि फुटबॉलविषयक लेखन यांच्या बरोबरीने केला, तेव्हा प्रथमच या गीतांकडे तुच्छतेने न पाहता समाजाचे बोलणे म्हणून पाहिले गेले. पुढे मिलेना द्रागिचेविच-शेशिच आणि ल्येर्का विदिच रासमुसेन यांनी या विषयाचा सविस्तर अभ्यास केला. चोलोविच यांनी घेतलेली मृत्युनोंदींची जोड विशेष मार्मिक आहे. ज्यांना औपचारिक साहित्याची भाषा येत नाही त्यांनी दुःख व्यक्त करावयाचे तर ते तयार साच्यातूनच करावे लागते. तोमाची गीते असे साचे पुरवीत होती.

विघटन आणि नंतर

तोमाचे निधन ३० सप्टेंबर १९९१ रोजी बेलग्रेड येथे झाले. तो ५२ वर्षांचा होता. ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. २५ जून रोजी स्लोव्हेनिया व क्रोएशिया यांनी स्वातंत्र्य जाहीर केले होते. ऑगस्टच्या अखेरीपासून वुकोव्हारचा वेढा चालू होता. आणि १ ऑक्टोबरला, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी, डुब्रोव्हनिकवर हल्ला सुरू झाला. ज्या देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काफानांची साखळी पसरली होती आणि जिच्यात सर्बियन गीतकाराचे शब्द बोस्नियन मुस्लिम घरात जन्मलेली गायिका गात होती, तो देश त्याच आठवड्यांत मोडून पडत होता.

नव्वदच्या दशकात सर्बियात 'टर्बो-फोक' या नावाने ओळखला जाणारा झगमगीत प्रकार बोकाळला. युद्ध, आर्थिक निर्बंध आणि १९९३ मधील अभूतपूर्व चलनवाढ यांच्या छायेत तो वाढला. एरिक गॉर्डी यांनी १९९९ मधील आपल्या ग्रंथात त्याचा संबंध मिलोशेविच राजवटीने पर्यायी संस्कृतीचा जो संकोच केला त्याच्याशी जोडला आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, या नव्या प्रकाराच्या तुलनेत तोमा एकाएकी अभिजात ठरू लागला. वीस वर्षांपूर्वी ज्या प्रकारच्या संगीताला शुंद म्हणून हिणवले गेले, त्याच प्रकारातील त्याची गीते आता प्रामाणिक, काव्यमय, खऱ्या भावनेची म्हणून गौरविली जाऊ लागली. गीते तीच होती, ध्वनिमुद्रिका त्याच होत्या. ऐकणाऱ्यांच्या समोरचा दुसरा पर्याय तेवढा बदलला होता. अभिरुचीच्या इतिहासात असे पुनर्वसन नवे नाही. परंतु त्यामुळे तोमाचा मूळ संदर्भ, म्हणजे बाक्शिश, रात्रपाळी, कामगारवस्ती, परदेशी गेलेले नवरे, हा सर्व पुसट होतो आणि एक सुटा, कालातीत कवी उरतो. आजच्या चाहत्यांना तोच कवी प्रिय आहे. इतिहासकाराला मात्र पहिला तोमा अधिक मोलाचा वाटावा.

२०२१ मध्ये द्रागान ब्येलोगर्लिच दिग्दर्शित 'तोमा' हा चरित्रपट प्रदर्शित झाला. मिलान मारिच यांनी तोमाची आणि तामारा द्रागिचेविच यांनी सिल्वानाची भूमिका केली. सर्बियाबाहेरही, पूर्वीच्या युगोस्लाव्हियातील इतर देशांत, त्याला मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. १९९१ नंतर जन्मलेल्या आणि परस्परांच्या पाठ्यपुस्तकांत शत्रू म्हणून नोंदल्या गेलेल्या समाजांतील तरुणांनी एकच चित्रपट पाहून एकाच गायकाची गाणी गुणगुणावीत, याचे एक कारण तोमाच्या गीतांत दडलेले आहे. त्यांत राष्ट्र नाही, ध्वज नाही, पूर्वजांचा पराक्रम नाही, कोणाविरुद्ध तक्रार असलीच तर ती एखाद्या दान्काविरुद्ध किंवा स्वतःविरुद्ध. युद्धकाळातील प्रचाराला त्यांतून फारसे काही उचलता येण्यासारखे नव्हते. चित्रपटातील तोमा रुग्णालयातील खोलीतून मागे वळून पाहतो आणि प्रेक्षकही त्याच्याबरोबर एका नाहीशा झालेल्या देशाच्या काफानांत फिरून येतो. त्या काफानांत गाणाऱ्या स्त्रियांना समाज काय म्हणत असे आणि त्यांच्या गाण्यावर शासन किती कर आकारीत असे, हे मात्र त्याला पडद्याबाहेर, नभोवाणीच्या दप्तरांत आणि समित्यांच्या कागदपत्रांतच शोधावे लागेल.